तुझी हाक मी दिलेली नाही

आत्या, तू मेलीस. देवाघरी गेलीस असं मी म्हणणार नाही. छापखान्यात दिवसभर मी लोकांच्या मयताच्या मजकुराचे खिळे जुळवतो. कोणी कैलासवासी होतं, कोणी वैकुंठवासी, कोणी अनंतात विलीन होतं. साधं मेलेलं माणूस माझ्या हातून अजून छापलं गेलेलं नाही. तुझ्यासाठी मी तो खोटेपणा करणार नाही. तुला तो आवडलाही नसता. 'मेलं' हा शब्द तुझ्या तोंडी फार होता आणि तो तू जिवंत माणसांसाठीच जास्त वापरलास.

मी त्यातलाच एक.

मालक म्हणाले, "लिही चार ओळी आत्याबाईंवर, आपल्या अंकात छापू. नाव सांग, वर ठळक टाकू."

मी म्हणालो, "नाव टाकायचं नाही."

"अरे, मग वाचणाऱ्याला कळणार कसं, कोण गेलं ते?"

कळायचं नाही, तेच तर पाहिजे. पण हे मालकांना काय सांगू? तुलाच सांगतो. आणि वाचणाऱ्यांना आपलं बेट ठाऊक नाही, म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. तू मध्ये बोलू नकोस. आयुष्यात पहिल्यांदाच तुला ते जमणार आहे.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून वीजकंपनीनं मावळात धरणाची भिंत घातली आणि आपल्या नदीचा तलाव केला. नदीकाठचं गाव पाण्याखाली गेलं. बरेच लोक मिळेल तिकडे पांगले, कोणी टाकव्याला पाहुण्यांच्या आसऱ्याला, कोणी लोणावळ्याला हमालीला. मोजकी घरं मात्र मागच्या टेकाडावर चढली आणि म्हणाली, आम्ही गाव सोडलेलं नाही, जरा वर सरकलोय. पाणी टेकाडाच्या कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. समुद्र कधी न पाहिलेले कुणबी अशा रीतीनं बेटावर राहायला लागले. नांगर धरणारे हात गळ टाकायला शिकले आणि वाईट शिकले. मासे धरण्यापेक्षा त्यांना शिव्या देण्यातच आपल्या लोकांचा जास्त वेळ जायचा.

मी त्या बेटावरच जन्मलो. आई माझ्या जन्मातच गेली. बाप, म्हणजे तुझा धाकटा भाऊ, धरणाविरुद्धच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आला तो छातीत खोकला आणि काखेत पत्रकांचं गाठोडं घेऊन. त्यानं मला अक्षरं शिकवली ती त्या पत्रकांवरच. मग खोकल्यानं त्याला नेलं आणि पत्रकं राहिली. ती तू आढ्याला टांगून ठेवलीस. दुसऱ्या पोरांना राजाराणीच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या. मला 'बंधूंनो, जागे व्हा' मिळालं. तुला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या पत्रकाच्या कुठल्या ओळीवर मी अडखळतो हे तुला पाठ होतं, आणि अडखळलो की तू माझ्या मांडीला चिमटा काढायचीस.

मला त्या बेटाची आठवण येते, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की येत नसावी. येते, आणि ती भलत्या वेळी येते. आषाढात आगपेट्या सादळून जायच्या, तेव्हा सबंध बेटाचा विस्तव तुझ्या चुलीत असायचा. बाया इरली पांघरून, हातात खापरी घेऊन निखारे न्यायला यायच्या आणि निखाऱ्याबरोबर तुझी एक शिवी घेऊन जायच्या. कोणाच्या दाराला कडी नव्हती. कोणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून सगळ्यांना कळायचं आणि लपवायची सोयच नसल्यामुळे सगळे वाटून खायचे. उन्हाळ्यात कंपनी पाणी सोडायची आणि तलाव खाली जायचा, की खालचं गाव चिखलातून वर यायचं. भिंती नसायच्या, नुसती जोती. मग ठरल्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या जोत्यावर जाऊन चूल मांडायचं. भेगाळलेल्या चिखलात पाय भाजत आपण खाली उतरायचो. तू मला बोट धरून दाखवायचीस: "ही आपली वसरी. हितं तुजा बाप रांगला. हितं जातं व्हतं. पाय धुतल्याबिगर आत येऊ नगं." आत म्हणजे कुठे, तर उघड्या आभाळाखाली. मी पाय धुवायचो. त्या नसलेल्या घरात जेवलेल्या नाचणीच्या भाकरीइतकं चांगलं जेवण मला लोणावळ्यात कोणी दिलेलं नाही.

आणि सांजेची हाक. तिच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

दिवेलागणीच्या आधी तू जांभळीखाली पाण्याकडे पाठ करून उभी राहायचीस आणि बेटावरच्या एकेकाचं नाव घ्यायचीस, सगळ्यात म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत. ज्याचं नाव येईल त्यानं असेल तिथून 'हाय' म्हणायचं. तान्ह्याचं 'हाय' त्याच्या आईनं म्हणायचं. सगळे आले की चुली पेटायच्या. एखादं नाही आलं तर एकही चूल पेटायची नाही, सगळे पाण्याच्या कडेनं शोधायला निघायचे. पहिल्याच पावसाळ्यात एक पोर पाण्यात घसरली आणि ती नाही हे सकाळपर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नाही, तेव्हापासून हे सुरू झालं, असं बायका सांगायच्या. ती पोर तुझीच लेक होती, हे मला फार उशिरा कळलं. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही.

कारण मेलेल्याचं नाव बेटावर कोणी घेत नसे. माणूस गेलं की त्याला पाण्याच्या कडेला जाळायचे. त्या सांजेला तू पाण्याकडे तोंड करून त्याचं नाव एकदाच, लांब सुरात घ्यायचीस. त्याला हाक देणं म्हणायचे. उत्तर कोणी द्यायचं नाही. वरून कोण येतंय ते खालच्या गावातल्या आपल्या माणसांना कळावं आणि त्यांनी दार उघडावं, एवढ्यासाठी ती हाक. हाक दिली नाही तर माणूस खालच्या वेशीवर उभंच राहतं, त्याला कोणी ओळखत नाही. आणि हाक दिल्यानंतर ते नाव पुन्हा कोणाच्या तोंडी यायचं नाही.

इथपर्यंत कोणाची काही तक्रार नव्हती. मग लोक बेट सोडायला लागले. पहिलं बिऱ्हाड निघालं त्या दिवशी तू जांभळीखाली गेलीस, पाण्याकडे तोंड केलंस आणि पलीकडच्या काठाला निघालेल्या तराफ्यावर बसलेल्या जित्याजागत्या माणसांची एकेक करून हाक दिलीस. त्यांच्या कडेवरच्या पोरासकट. तराफ्यावरची बाई रडायला लागली. बेटावरच्या कोणीही तुला अडवलं नाही. त्या दिवसापासून तो आपला कायदा झाला. बाजाराला जाऊन सांजेच्या आत परतलं तर चालायचं, पण राहायला बेट सोडलं तो मेला. मेलेल्यासाठी तराफा सुटत नाही.

धोंडूची गोष्ट मी तुला अजून माफ केलेली नाही. आपल्या बेटावरचा धोंडू कंपनीच्या भिंतीवर पाण्याची दारं उघडायच्या कामाला लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. तू त्याची हाक दिलीस. त्याची आई मागे बेटावर राहिली, तिचं सुनेशी पटत नव्हतं आणि तिला तुझा धाक होता. वर्षाच्या आत तिनं अंथरूण धरलं. तेव्हा धोंडू पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला आणि "आये, आये" म्हणून ओरडायला लागला. तराफा आपल्या बाजूला बांधलेला होता. घायपाताचा दोर धरून तो पलीकडे नेणं हे पोरासोरांचं काम होतं. तू त्या दोरावर जाऊन बसलीस. तांदूळ निवडायला घेतलेस. पाण्यावरून आवाज केवढा येतो हे आपण बेटावरचे जाणतो, धोंडूचा श्वास लागलेलासुद्धा ऐकू येत होता. म्हातारीनं आतून विचारलं, "कोन वरडतंय गं?"

तू तांदळातून खडा उचललास, टाकलास आणि म्हणालीस, "वारा हाय."

सबंध बेट आपापल्या चुलीकडे बघत बसलं होतं. धोंडूला पोहता येत नव्हतं. त्याचा आवाज बसला तेव्हा तो गेला. म्हातारी दुसऱ्या दिवशी मेली आणि तू तिची हाक दिलीस, अगदी व्यवस्थित, लांब सुरात.

तुझ्यावर मी रागावायला शिकलो तो तेव्हा. पण तोवर तुझ्यासारखं बाईमाणूस साऱ्या मावळात नाही, असंच मला वाटायचं. साहेब आला होता तेव्हाचं आठव. कंपनीचा कोणी गोरा साहेब होडीतून मासे धरत बेटाजवळ आला. तू विळा घेऊन कडेला गेलीस आणि म्हणालीस, "आमी हितनं हलनार न्हाई. सांग तुज्या मालकाला." साहेबानं टोपी जरा वर केली, हसला, हात हलवला आणि होडी पुढे नेली. त्या दिवशी आपण बेटावर गूळ वाटला. साहेब घाबरून पळाला, ही गोष्ट मी कितीतरी पोरांना सांगितली असेल.

मग मिसरूड फुटायला लागलं आणि मी लोणावळ्याच्या बाजारातून मीठ ज्यात बांधून यायचं ते कागदही वाचायला लागलो. त्यात नवी पत्रकं असायची, नव्या लढ्यांची. आपल्या धरणाचं नाव कशातच नव्हतं. बापाच्या गाठोड्यातली पत्रकं ज्यांनी लिहिली होती ते लोक कधीच घरी गेले होते, कोणी नेते झाले होते, कोणी वकील. आपण त्यांची वाक्यं आढ्याला टांगून पाण्याच्या मधोमध बसलो होतो.

मी तुला म्हणालो, "आत्या, लढाई संपली. आपल्याला कोणी कळवलं नाही, एवढंच."

तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "कळवलं न्हाई तर आपुन हरलो बी न्हाई."

मग मी आणखी वाईट बोललो. "कंपनीला तू इथे आहेस हेच ठाऊक नाही. तो साहेब घाबरला नव्हता. त्यानं तुला रामराम केला."

"घाबरलाच व्हता."

"त्याला वाटलं असेल, ही कोळीण आहे, मासे विकत असेल."

तुझा हात परातीत थांबला. मग पुन्हा चालू झाला. "तू उंद्या जा," एवढंच म्हणालीस. मी तर जाणारच होतो, पण तू सांगितलंस म्हणून गेलो असं तुला आयुष्यभर म्हणता आलं.

तराफा ओढायला कोणी आलं नाही. मीच दोर ओढत निघालो. अर्ध्या पाण्यात असताना तू माझं नाव घेतलंस. इतक्या मोठ्यानं, इतकं लांब तू ते कधीच घेतलं नव्हतंस. सांजेला माझं नाव तुझ्या तोंडून तुटक यायचं, कारण माझ्या नावाशी येईपर्यंत तुझा दम संपलेला असायचा. त्या दिवशी ते पुरं आलं. आणि मी मूर्खासारखा सवयीनं "हाय" म्हणालो. मेलेल्यानं ओ द्यायची नसते. बेटाच्या कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाठ फिरवली. तू मात्र तशीच उभी होतीस, हे मी बघितलं. त्याचा अर्थ काय तो मी अजून लावलेला नाही.

लोणावळ्यात मला छापखान्यात काम मिळालं, रेल्वेच्या चाळीमागे खोली मिळाली. इथे सांजेला कोणी कोणाचं नाव घेत नाही. दिवे लागतात, आपल्याच बुडालेल्या गावावरच्या पाण्यातून आलेले दिवे, आणि त्यांच्या उजेडात मी 'बंधूंनो, जागे व्हा'चे खिळे लावतो. पहिलं वर्षभर दिवा लागला की माझ्या तोंडून आपसूक 'हाय' निघायचं. शेजारी बसून छापून झालेले खिळे सोडवणारा म्हणायचा, "कोणाला ओ देतोस रे? बायको आणलीस की काय टेबलाखाली?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

बेटावरची घरं एकेक करत रिकामी झाली. लोणावळ्याच्या बाजारात मला आपली माणसं भेटत, एकमेकांना ओळख देत. पण नावानं हाक मारायला त्यांची जीभ अडायची. "ए, ऐक की", "अहो, तुम्ही" असं चालायचं. तू आम्हाला इतकं पक्कं मारून ठेवलं होतंस. शेवटी बेटावर तू आणि चांदी शेळी राहिलात.

काठावरच्या वाडीतला एक म्हातारा गुराखी बाजारात दूध घालायला येतो. तो मला सांगायचा, "तुजी म्हातारी सांजंला सोताचं नाव घेती अन् सोताच 'हाय' म्हनती. मग शेळीचं नाव घेती. शेळी वरडती." तो हे हसत सांगायचा. यंदा श्रावणात तो आला तो हसला नाही. "आता निस्ती शेळीच वरडतीया," म्हणाला.

तराफा तुझ्या बाजूला बांधलेला. माझ्यासाठी तो सोडणार कोण? मी पोहत आलो. पोहायला तूच शिकवलं होतंस, कमरेला दोर बांधून पाण्यात ढकलून द्यायचीस आणि मी नाकातोंडात पाणी जाऊन ओरडलो की म्हणायचीस, "वरडायला दम हाय म्हंजी बुडत न्हाईस." त्या शिकवणीवरच मी तुझ्यापर्यंत आलो, नाहीतर तू तिथेच सुकली असतीस. त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानायचे, ते आपण ठरवलं नाही.

तू दारात आडवी पडली होतीस. मी निथळत समोर उभा राहिलो. तू माझ्याकडे बघितलंस आणि शेळीला म्हणालीस, "बघ गं. मेल्याली मानसं बी पवत्यात आता."

तुला उचलून तराफ्यावर ठेवलं, शेळीला ठेवलं, दोर ओढायला लागलो. अर्ध्या पाण्यात तू मान वळवून बेटाकडे बघत राहिलीस. तू कान देत होतीस. तुझ्याच कायद्यानं तू बेट सोडत होतीस, तेव्हा तुझी हाक पडायला पाहिजे होती. पण ती द्यायला बेटावर कोणी उरलंच नव्हतं. काठ आला तेव्हा तुझ्या तोंडावर समाधान दिसलं. खोलीवर आल्यावर शेजारच्या हुसेनाबी मावशीला तू पहिलं वाक्य सांगितलंस ते हेच: "म्या बेट सोडल्यालं न्हाई. माजी हाक कुटं दिलिया?"

हुसेनाबी मावशीचा नवरा रेल्वेत सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. मी छापखान्यात असताना तीच तुझं सगळं करायची. तू तिच्याशी बोलायचीस, शेळीशी बोलायचीस. माझ्याशी नाही. मी हातभर अंतरावर बसून तुला पेज भरवायचो आणि तू तिला सांगायचीस, "त्या मेल्याला सांग, पेजंत मीठ न्हाई."

मावशी मला म्हणायची, "ऐकलंस? मीठ नाही म्हणतात."

"ऐकलं."

"तो म्हणतो, ऐकलं."

"मेल्याली मानसं काय बी म्हनत न्हाईत," तू म्हणायचीस आणि पेज पिऊन टाकायचीस.

मावशीला सुरुवातीला हसू यायचं. नंतर येईनासं झालं. सांजेला तू भिंतीला टेकून हळूच स्वतःचं नाव घ्यायचीस, 'हाय' म्हणायचीस. मग चांदीचं नाव. ती बाहेर व्हरांड्यात ओरडायची. त्यानंतर तू थांबायचीस. मी कंदिलाची काच पुसत असायचो आणि रोज, सगळं तत्त्वज्ञान बाजूला ठेवून, माझं नाव येतंय का याची वाट बघायचो. शेळीला नाव होतं, मला नव्हतं. मी सभांतून बोलतो, पोलिसांच्या नजरेसमोर पत्रकं वाटतो, आणि एका आजारी म्हातारीच्या तोंडून दोन-तीन अक्षरं पडावीत म्हणून काच पुसत बसायचो. पडली नाहीत.

एकदा दुपारी मी खोलीत आहे हे पुरतं ठाऊक असताना तू मावशीला म्हणालीस, "माज्याकडं बी एक पोरगं व्हतं."

मावशीनं माझ्याकडे बघितलं नाही. "कसं होतं?"

"लय चुनचुनीत. कागद दिसला की वाचायचं. मिठाचा कागद बी सोडायचं न्हाई, चाटून पुसून वाचायचं. आन् पवायला तर असं, मासा बरा. माज्या भावाचं व्हतं, पर मलाच आये म्हनायचं ल्हानपनी. मीच हानून हानून आत्या म्हनाया लावलं."

हे मला ठाऊक नव्हतं. हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस.

"मग कुठे आहे ते?" मावशीनं विचारलं.

"मेलं."

"कशानं?"

"पान्यावरनं गेलं." तू मावशीपुढे पाय लांब केलेस. "लय वंगाळ बोलून गेलं. खरं बोललं, पर लय वंगाळ."

मावशी हुशार बाई आहे. तुझे पाय चेपत, काही विशेष विचारत नसल्यासारखं म्हणाली, "नाव काय होतं हो त्याचं?"

बाहेर घाटातून गाडी चढत होती, तिचा आवाज येऊन गेला. तुझे ओठ हलले. माझ्या नावाचं पहिलं अक्षर ओठ मिटून काढावं लागतं आणि तुझे ओठ मिटले होते, हे मी शपथेवर सांगेन. मग ते उघडले.

"मेल्याल्याचं नाव घ्येत न्हाईत," तू म्हणालीस.

मी उठून बाहेर गेलो. चांदीच्या गळ्यात हात घालून बसलो. ती माझा सदरा खायला लागली.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी, ऐन दुपारी तू मेलीस. मी पाणी पाजत होतो. त्याआधी मी लाज सोडून तुला स्पष्ट विचारलं होतं. "आत्या, एकदा माझं नाव घे. तू चुकलीस म्हणू नकोस. नुसतं नाव घे." तू माझ्याकडे सरळ बघितलंस, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मावशीला म्हणालीस, "त्याला सांग, लय पानी नगं पाजू." एवढंच बोललीस. त्या सांजेला खोलीत कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. बाहेर शेळी वाट बघून बघून आपणच ओरडली.

तुला इथेच जाळलं आणि राख घेऊन मी आणि हुसेनाबी मावशी काठावर गेलो. तलाव भरलेला होता. जांभूळ दिसत होती, तुझ्या घराचं छप्पर एका अंगाला बसलेलं दिसत होतं. पलीकडे खंडाळ्याच्या बंगल्यांचे दिवे लागत होते. मी राख पाण्यात सोडली. मग पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो, आणि उभाच राहिलो.

मावशीला सगळं ठाऊक होतं, तूच तिला शंभरदा सांगितलं होतंस. ती म्हणाली, "दे की हाक. कशाची वाट बघतोस?"

"मेलेल्यानं दिलेली हाक लागू होत नाही. तिचाच कायदा."

"मग मी देते. मी तर जिवंत आहे." तिनं पदर सावरला आणि पाण्याच्या अगदी कडेला गेली. माझा हात आपोआप तिच्या दंडावर गेला.

"नको, मावशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ती तिथं खाली उभी राहील ना रे. दारात. तिचीच माणसं तिला ओळखायची नाहीत."

"राहू दे उभी."

"लय कडू बियाणं तुमचं," मावशी म्हणाली आणि परत फिरली. सबंध वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुला बरं वाटेल, तुझ्याकडून ती तेवढं शिकली.

आत्या, खालचं गाव मी मानत नाही. मी पत्रकांवर वाढलो. त्यांनी मला असलं काही मानू दिलेलं नाही. पाण्याखाली चिखल आहे, जोती आहेत आणि कंपनीचा नफा आहे. पण तू मानत होतीस, म्हणून ही शिक्षा तुलाच लागते. तू धोंडूच्या आवाजाला वारा म्हणालीस. तू जित्या पोरांच्या हाका दिल्यास. तू माझं नाव ओठांपर्यंत आणून गिळलंस. तुझ्या माघारी तुझ्याबद्दल गोड लिहावं असं तू काही ठेवलं नाहीस, आणि तरी मी रोज दिवेलागणीला कंदिलाची काच पुसतो आणि थांबतो.

तर ऐक. तुझं नाव या लेखात कुठेही नाही, आणि मी जिवंत आहे तोवर ते कुठेही छापलं जाणार नाही. हाक दिली की नाव संपतं, माणूस संपतं. मी तुला इतक्या स्वस्तात संपू देणार नाही. तू गेलेली नाहीस, तुझी हाक दिलेली नाही, हे तुझंच म्हणणं होतं. मग घे, तसंच होऊ दे. वेशीवर उभी राहा. तुझा भाऊ समोरून जाईल आणि तुला ओळखणार नाही. तुझी लेक जाईल. धोंडूची आई जाईल आणि विचारील, कोण उभंय गं तिथं, आणि कोणीतरी तिला सांगेल, वारा आहे.

उभी राहा. मला यायला अजून बराच वेळ लागेल, कारण बाहेर कामं फार पडली आहेत आणि मी चिवट आहे, तुझ्याच हातचा. पण येईन तेव्हा पोहत येईन. तेव्हा मला आधी तू हाक मार. तुटक नको, दम संपलेली नको, पुरी मार.

मी 'हाय' म्हणेन. मग तुझं नाव घेईन.